मणक्यात स्पेसर टाकायला सांगितलाय? कोकणातल्या रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी पायरी-पायरीने माहिती

‘कमरेच्या मणक्यात गॅप आलाय, स्पेसर टाकावा लागेल.’ डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडताना एवढंच वाक्य लक्षात राहतं. एस.टी. गावात पोचेपर्यंत घरच्या सगळ्यांची खात्री झालेली असते, की मणक्यात कुठेतरी फट पडली आहे आणि ती बुजवायला काहीतरी घालणार आहेत.

खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. दोन मणक्यांच्या मधली गादी वयानुसार सुकते, चपटी होते आणि मणके एकमेकांच्या जवळ येतात. म्हणजे गॅप वाढलेला नसतो, कमी झालेला असतो. मागच्या बाजूचे सांधे सुजून जाड होतात, आतला पिवळा अस्थिबंध दुमडून फुगतो आणि नसा ज्या नळीतून खाली जातात ती नळी अरुंद होते. स्पेसर काही बुजवत नाही. दाराला लावलेल्या खुंटीसारखा तो दोन हाडांमध्ये बसून जागा उघडी धरतो. हे एकदा ध्यानात आलं, की तो कुणाला उपयोगी पडेल आणि कुणाला नाही, हे बरंचसं आपोआप उलगडतं.

पहिली पायरी: कोणता स्पेसर, ते विचारा

‘स्पेसर’ या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू येतात. कागदावर नाव लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पाठीच्या मधोमध बोट फिरवलं की हाडाचे उंचवटे एकाखाली एक लागतात. प्रत्येक मणक्याचं ते मागचं टोक. अशा दोन टोकांच्या मध्ये जो बसतो तो इंटरस्पायनस स्पेसर. तो टायटॅनियमचा किंवा पीक नावाच्या कडक प्लास्टिकचा असतो. उंची साधारण ८ ते १६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या जाडीच्या आसपास. त्याला मणक्याच्या आत जाणारे स्क्रू नसतात. आपण मागे झुकलो की ही दोन टोकं एकमेकांकडे येतात. स्पेसर त्यांना तिथेच थोपवतो, म्हणून तेवढा एक सांधा किंचित वाकलेल्या स्थितीत राहतो आणि नळी थोडी उघडते. पुढे वाकणं, बाजूला वळणं बहुतांशी शाबूत राहतं.

दुसरी वस्तू म्हणजे केज. ती मागे नाही, पुढे बसते, झिजलेली गादी काढून तिच्या जागी. आत पोकळ असते, त्या पोकळीत हाडाचा चुरा भरतात आणि वरचा-खालचा मणका कालांतराने त्यातून एकजीव होतो. सोबत बहुतेक वेळा मणक्यात चार स्क्रू आणि दोन दांड्या येतात. याला फ्युजन म्हणतात. हे ऑपरेशन मोठं आहे, परतीचा रस्ता अवघड आहे आणि तो सांधा कायमचा हलायचा थांबतो. या कल्पनेची एक वाट घोड्यांच्या मानेच्या दुखण्यातून आली. अमेरिकेतले डॉ. जॉर्ज बॅग्बी यांनी घोड्यांसाठी धातूची जाळीदार टोपली वापरली होती, तिच्यावरून पुढे माणसांसाठी केज तयार झाली आणि १९९६ साली तिला तिथल्या औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली.

इंटरस्पायनस प्रकारात पुन्हा एक पोटभेद आहे आणि निर्णयासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा. काही स्पेसर नुसते बसवतात, नळी आतून मोकळी करत नाहीत. एक्स-स्टॉप हा त्यातला सगळ्यात गाजलेला. त्याला अमेरिकेत २००५ मध्ये मंजुरी मिळाली आणि दहा वर्षांनी तो बाजारातून गेला. सुपीरियन या जातीचा आहे, त्याची मंजुरी २०१५ची. कोफ्लेक्स हा इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा टायटॅनियमचा तुकडा. त्याची अमेरिकेतली मंजुरी २०१२ची, आणि ती आधी नळी मोकळी करून मग आधार म्हणून बसवण्यासाठी आहे.

म्हणून तीन प्रश्न लिहून न्या. स्पेसर मागच्या टोकांमध्ये बसणार की गादीच्या जागी? स्क्रू असणार का? नसेवरचा दाब हाड कापून काढणार, की नुसता स्पेसर बसवणार? या तीन उत्तरांवर खर्च, इस्पितळातला मुक्काम, घरी परतल्यावरची पथ्यं आणि धोका, सगळंच बदलतं.

दुसरी पायरी: पाखाडीची परीक्षा

मागे बसणारा स्पेसर फक्त एका तक्रारीवर काम करतो: उभं राहिलं, चाललं की पाय भरून येतात, जडावतात, मुंग्या येतात, बसलं किंवा पुढे वाकलं की काही मिनिटांत आराम पडतो. याचं कारण नळीच्या आकारात आहे. कंबर मागे गेली की नळी अरुंद होते, पुढे वाकली की रुंद.

कोकणातल्या माणसाला हे घरच्या घरी ओळखता येतं. लावणीला दिवसभर चिखलात वाकून काम केलं तरी पायाला काही होत नाही आणि बांधावरून सरळ चालत घरी येताना मात्र दोनदा बसावं लागतं. पाखाडी चढताना अंग आपसूक पुढे झुकतं, म्हणून चढ सोसतो. उतरताना कंबर मागे जाते, म्हणून उतार नकोसा होतो. आंबे काढायला झेला धरून वर बघत उभं राहणं ही तर या दुखण्याला सगळ्यात वाईट अवस्था. सायकल मात्र मैलभर मारता येते, कारण हँडलवर झुकलेलं असतो.

आता याच पाखाडीवर दुसरं दुखणं वेगळं काढा. पायाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या असतील, आणि विडी-सिगरेट ओढणाऱ्यांत किंवा मधुमेह असणाऱ्यांत हे नेहमी आढळतं, तर चढ जास्त त्रास देतो, पोटऱ्यांत गोळा येतो आणि नुसतं उभं राहिलं तरी थांबतो. बसावं लागत नाही, वाकावंही लागत नाही. अशा माणसाला स्पेसर बसवला तर पैसे गेले आणि दुखणं तिथेच. डॉक्टरांनी पावलांच्या नाड्या बोटाने चाचपल्या का, हे पाहा. नाडी लागत नसेल तर आधी पायांची डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाची तपासणी. दोन्ही दुखणी एकत्रही असू शकतात.

आणखी दोन गोष्टी वेगळ्या काढायच्या. तळपायांची रात्रंदिवस आग होते, बसल्यावरही तेवढीच, तर ती मधुमेहातली नसांची झीज असण्याची शक्यता जास्त. चालताना पायातली चप्पल नकळत सुटते, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, चाल लडबडते, असं असेल तर मानेचा एम.आर.आय. मागा. मानेतला दाब तसाच ठेवून कमरेचं ऑपरेशन उरकून घेणं, ही महागात पडणारी चूक आहे.

दोन आठवडे वही ठेवा. रोज किती मिनिटं चाललात, कुठे थांबावं लागलं, कमरेपेक्षा पाय जास्त दुखतात का, कुठला पाय. ‘कंबर दुखते’ एवढंच सांगणाऱ्या रुग्णाचा निदानात घोळ होतो. नुसत्या कंबरदुखीला मागचा स्पेसर फारसा उपयोगाचा नाही.

एका बाबतीत वही वगैरे काही नाही, थेट मोठं इस्पितळ. लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधीरपणा आला, पाऊल अचानक उचलेना, तर त्याच दिवशी निघा. सकाळच्या गाडीची वाट बघू नका. नसांच्या गुच्छावर अचानक आलेला हा दाब तासांच्या हिशोबात काढावा लागतो, आणि त्यावर नुसता स्पेसर हा इलाज नाही.

तिसरी पायरी: तपासण्या, आणि त्या वाचताना कुठे फसगत होते

एम.आर.आय. हवाच. पण तो निजवून, बऱ्याचदा गुडघ्यांखाली उशी देऊन काढतात, म्हणजे नळी जिथे सगळ्यात मोकळी असते त्या अवस्थेत. म्हणून अहवालात ‘मध्यम’ लिहिलं असलं तरी उभ्याने त्रास जास्त असू शकतो. उलटंही खरं आहे: साठीनंतर अनेकांच्या एम.आर.आय.मध्ये अरुंद नळी दिसते आणि त्यांना काडीचाही त्रास नसतो. नळीचा पुढून-मागचा व्यास १० मिलिमीटरच्या खाली गेला की ती नक्की अरुंद मानतात, पण ऑपरेशन फिल्मवर ठरवत नाहीत. फिल्म आणि वही दोन्ही जुळायला हवीत.

सोबत उभ्याने काढलेले एक्स-रे, त्यातही पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेले दोन. एक मणका दुसऱ्यावरून किती सरकतो ते यातच कळतं. सरक ३-४ मिलिमीटरहून जास्त असेल तर तो सांधा अस्थिर धरतात आणि मागचा स्पेसर तिथे टिकत नाही. लहान गावात हे दोन एक्स-रे न काढताच पुढे पाठवलेले रुग्ण पुष्कळ दिसतात. स्वतः मागून घ्या.

पन्नाशीपुढच्या बाईला आणि पासष्टीपुढच्या पुरुषाला हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हाड ठिसूळ. इथे एक खाच आहे. झिजलेल्या मणक्यांवर हाडाचे काटे वाढलेले असतात, ते यंत्राला घट्ट हाड वाटतात आणि कमरेचा आकडा फसवा चांगला येतो. म्हणून खुब्याचा आकडा बघा. स्पेसर मणक्याच्या ज्या टोकावर भार देतो ते टोक ठिसूळ असलं की मोडतं, आणि या उपकरणाच्या नेहमीच्या अपयशांतलं ते एक आहे.

चौथी पायरी: चाकूच्या आधी काय व्हायला हवं

नसांवर तातडीचा धोका नसेल तर सहा महिने बिनऑपरेशनचे उपाय नीट करून पाहिलेले असावेत. ‘नीट’ यावर भर आहे. आठवडाभर शेक आणि गोळ्या म्हणजे उपाय केला, असं होत नाही. पुढे वाकण्याचे व्यायाम (निजून एक-एक गुडघा छातीशी घेणं, पोट आत ओढून कंबर जमिनीला टेकवणं), रोज १०-२० मिनिटं स्थिर सायकल, आणि चालणं तुकड्या-तुकड्याने: त्रास सुरू व्हायच्या आधीच बसायचं, मग पुन्हा चालायचं. त्या सहा महिन्यांतले निदान ६ ते १२ आठवडे हे.

दुखण्याच्या गोळ्या महिनोनमहिने घेतल्या तर मूत्रपिंडं आणि जठर पकडतात. नसांसाठी देतात त्या प्रीगॅबालिनसारख्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाला चक्कर येते. रात्री लघवीला उठून परसात जाणाऱ्याने ही गोळी चालू असताना काठी आणि बॅटरी जवळ ठेवावी. मणक्यातल्या स्टिरॉइड इंजेक्शनने काहींना काही आठवडे बरं वाटतं, पण मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस चढते, रोज तपासावी लागते.

पाचवी पायरी: आपण त्या चौकटीत बसतो का

मागच्या स्पेसरची चौकट लहान आहे. वय पन्नाशीच्या पुढे, पायांचा त्रास वाकल्यावर स्पष्ट कमी होणारा, नळी मध्यम अरुंद, एक किंवा फार तर दोन पातळ्या (पातळी म्हणजे लागोपाठच्या दोन मणक्यांमधली जागा), आणि त्याही कमरेच्या पहिल्या ते पाचव्या मणक्यांमधल्या. बहुतेकदा एल ३-४ किंवा एल ४-५, म्हणजे कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये. पाचवा मणका आणि त्याच्या खालचं त्रिकास्थी (माकडहाडाच्या वरचं रुंद हाड) यांच्यामध्ये तो सहसा बसवत नाहीत, कारण तिथलं खालचं टोक इतकं छोटं असतं की आधारच मिळत नाही. ठिसूळ हाड, मणका बराच पुढे सरकलेला, पाठीला मोठा बाक, पूर्वीच जुळून गेलेले मणके, अंगात कुठेही चालू असलेला जंतुसंसर्ग, वाकूनही न थांबणारा त्रास, यातलं काहीही असेल तर नाही.

चौकटीत बसत असलात तरी एक आकडा समोर ठेवा. नेदरलँड्समध्ये झालेली आणि २०१३ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेली चाचणी: एका गटाला नळी मोकळी न करता नुसता स्पेसर, दुसऱ्या गटाला नेहमीचं, हाड कापून नळी मोकळी करण्याचं ऑपरेशन. सुरुवातीच्या महिन्यांत आराम दोघांना सारखाच. पण पुन्हा ऑपरेशनची वेळ आली ती स्पेसरवाल्यांपैकी २९ टक्क्यांवर आणि दुसऱ्या गटातल्या ८ टक्क्यांवर.

आमचं मत स्पष्ट आहे. तब्येत भूल सोसण्यासारखी असेल आणि नळी मोकळी करण्याचं साधं ऑपरेशन शक्य असेल, तर नुसत्या स्पेसरला ‘छोटं काम आहे, दोन दिवसांत घरी’ एवढ्या कारणावरून हो म्हणू नये. हृदय किंवा फुप्फुस फार कमजोर आहे, मोठी भूल धोक्याची आहे, अशा म्हाताऱ्या माणसाला मात्र तो खरोखर कामाला येऊ शकतो. जागेवर भूल देऊन, लहान छेदातून बसवता येतो आणि नाहीच जमलं तर काढून घेता येतो. केजचा प्रश्न वेगळा. मणका सरकत असेल, नळी मोकळी करताना सांधे इतके कापावे लागणार असतील की मणका डळमळेल, तिथे केज आणि स्क्रूला योग्य कारण आहे. कारण विचारा आणि ते फिल्मवर बोट ठेवून दाखवायला सांगा. दुसऱ्या सर्जनचं मत घेणं हा अपमान नाही, चांगले सर्जन स्वतःच सुचवतात.

सहावी पायरी: इस्पितळ, पैसे, कागद

रत्नागिरी, सिंधुदुर्गातून माणसं डेरवण, कोल्हापूर, बांबोळी किंवा मुंबई गाठतात. निवडताना ऑपरेशनच्या दिवसापेक्षा नंतरच्या वर्षाचा विचार करा. टाके काढायला, मग सहा आठवड्यांनी, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी जावं लागतं, आणि मधेच जखम चिघळली तर त्याच रात्री. मुंबईतल्या मुलाकडे राहून ऑपरेशन करणार असाल तर पहिले सहा आठवडे तिथेच काढा. भातकापणी आहे म्हणून पंधराव्या दिवशी गावी पळू नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, पण फक्त योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांना. तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) नेमकं विचारा: या ऑपरेशनला पूर्वमंजुरी मिळते का, आणि पॅकेजमध्ये इम्प्लांट धरलंय का. ‘ऑपरेशन फुकट, पण स्पेसरचे वेगळे’ असं कुणी सांगितलं तर लेखी मागा आणि आरोग्यमित्राला दाखवा.

खासगीत अंदाजपत्रक घेताना इम्प्लांटची ओळ वेगळी लिहून घ्या: कंपनी, मॉडेल, नग किती, छापील किंमत किती. गुडघ्याच्या सांध्याला २०१७ मध्ये सरकारने कमाल दर बांधून दिला, तसा मणक्याच्या उपकरणांना बांधलेला नाही, म्हणून भावात मोठा फरक पडतो. दोन ठिकाणचे आकडे तोलून पाहा.

ऑपरेशननंतर इम्प्लांटच्या पेटीवरचं स्टिकर मागून घ्या. त्यावर मॉडेल, मापं, लॉट क्रमांक, निर्जंतुकीकरणाची मुदत असते. एक डिस्चार्ज कार्डावर चिकटवा, एकाचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये. पुढे उपकरणात खोट निघाली, परत मागवलं गेलं, किंवा दुसऱ्या इस्पितळात काढायची वेळ आली, तर या चिटोऱ्यावाचून सर्जनला कुठली हत्यारं लागणार तेच कळत नाही.

सातवी पायरी: महिनाभर आधीची तयारी

तंबाखू बंद. यात मशेरी येते, हे बायकांना कुणी सांगतच नाही. ‘मी विडी ओढत नाही’ म्हणणारी आजी दिवसातून तीनदा मशेरी लावते आणि त्यातलं निकोटिन हाडाला जाणारं रक्त तेवढंच रोखतं. केज बसणार असेल तर हाड न जुळण्याचं हे मोठं कारण. निदान चार ते सहा आठवडे आधी आणि हाड जुळेपर्यंत नंतर, म्हणजे सहा महिने ते वर्षभर, दातांना मशेरी लागता कामा नये.

तीन महिन्यांची साखर (एचबीए१सी) ७.५ ते ८च्या वर असेल तर बहुतेक सर्जन थांबायला सांगतात, कारण जखम पिकण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं नाव आधीच सांगा. कधी थांबवायच्या ते हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतील, स्वतःहून बंद करू नका. किडलेला दात, पायाची भेग, लघवीची जळजळ आधी बरी करून घ्या. इथून जंतू रक्तात शिरले की ते धातूवर बसतात आणि तिथून त्यांना औषधाने हुसकावणं कठीण.

तातडी नसेल तर मृगापासून गणपतीपर्यंतचे महिने टाळता आले तर बरं. ओली हवा, न वाळणारे कपडे, शेवाळलेला जांभा. पडण्याला आणि जखम ओली राहण्याला याहून अनुकूल काळ नाही.

घर असं लावा: खाट गुडघ्याच्या उंचीची, झोपायची खोली तळाला. न्हाणीत रबरी चटई आणि हाताला धरायला भिंतीत पक्का पाईप. कमोड नसेल तर कमोड-खुर्ची. विळी, पाटा, चूल जमिनीवर असेल तर सगळं ओट्यावर आणा. रोजच्या वस्तू कमरेच्या आणि खांद्याच्या मधल्या उंचीवर.

आठवी पायरी: आत काय करतात

मागचा स्पेसर. रुग्णाला पालथं किंवा कुशीवर, कंबर थोडी वाकवून ठेवतात. आधी सी-आर्म यंत्रावर (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) पातळी मोजतात. हे मोजणं चुकलं तर सगळंच चुकलं. पाठीवर मधोमध काही सेंटिमीटरचा छेद, काही प्रकारांत त्याहूनही लहान. स्नायू बाजूला सारून दोन टोकांमधल्या अस्थिबंधातून वाट करतात, टोकं हलक्या हाताने फाकवतात, मापाचे ठोकळे घालून पाहतात आणि नेमक्या मापाचा स्पेसर जितका पुढे, म्हणजे मणक्याच्या कमानीजवळ, बसेल तितका बसवतात. पुन्हा सी-आर्म, मग टाके.

इथेच चूक कशी होते ते समजून घेण्यासारखं आहे. माप मोठं झालं, की टोक मोडतं किंवा कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि माणूस पुढे झुकूनच चालायला लागतो. माप लहान, की तो सैल पडून सरकतो. फार मागे बसला, की चामडीकडे बाहेर येतो. हाड आधीच ठिसूळ, की हळूहळू तो हाडात रुततो आणि उघडलेली नळी पुन्हा मिटते.

केज. पूर्ण भूल, दोन ते चार तास, जास्त रक्तस्राव. सांध्याचा भाग कापून नस बाजूला धरतात, गादी खरवडून काढतात, दोन्ही मणक्यांचे पृष्ठभाग रक्त येईल इतकेच घासतात. जास्त घासले तर केज मणक्यात रुतते, कमी घासले तर हाड जुळत नाही. कापलेल्या हाडाचा चुरा आत भरून केज ठोकतात, स्क्रू आणि दांड्या कसतात. पीकची केज एक्स-रेत दिसत नाही, म्हणून तिच्यात धातूचे बारीक ठिपके असतात. पुढच्या एक्स-रेत हे ठिपके जागेवर आहेत ना, ते सर्जन बघतो. तुम्हीही दाखवायला सांगा.

नववी पायरी: घरी परतल्यावर

प्रवास निजून. मुंबई-गोवा महामार्गावर गाडीची मागची सीट आडवी करून, दर ४५ मिनिटांनी थांबून दोन मिनिटं उभं राहायचं. रेल्वेने आलात तर खालची बर्थ, आणि स्टेशनवरून घरी येताना खड्ड्यांच्या रस्त्याला सावकाश रिक्षा. एस.टी.ची मागची बाकं नकोतच.

मागचा स्पेसर असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात ५ मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. पुढे रोज थोडं वाढवत सहाव्या आठवड्यापर्यंत सलग अर्धा तास. टाके १० ते १४ दिवसांनी. तोवर जखम कोरडी, पट्टी ओली झाली की लगेच बदलायची, पंख्याखाली वाळवलेलेच कपडे.

सहा आठवडे: दोन-तीन किलोंपेक्षा जास्त उचलायचं नाही. भरलेली कळशी नाही, रहाट ओढायचा नाही, गवताचा भारा नाही, मासळीची पाटी डोक्यावर नाही. भरलेला गॅस सिलिंडर जवळपास ३० किलोंचा असतो, तो यापुढे दुसऱ्यानेच हलवायचा. मागचा स्पेसर बसलेल्याने खास जपायचं ते मागे झुकणं: माळ्यावरचं काढायला हात वर करून कंबर मागे टाकणं, झाडाखाली उभं राहून झेला धरणं, भुजंगासनासारखे व्यायाम. त्या हालचालीत सगळा भार स्पेसरवर आणि त्या दोन टोकांवर येतो. याउलट केजवाल्याने तीन महिने वाकणं आणि पिळणं टाळायचं. त्याला पट्टा सांगितला तर बसताना-उठताना बांधायचा, झोपताना सोडायचा.

जेवणात मासे, कुळीथ, अंडी भरपूर. हाडाला आणि जखमेला प्रथिनं लागतात, नुसती पेज पुरत नाही. ड जीवनसत्त्व रक्तात तपासून, कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेतच.

गणपतीत मूर्ती उचलणं, जमिनीवर पंगतीला बसणं, तासन्‌तास आरतीला उभं राहणं पहिल्या वर्षी सोडा. शिमग्यात पालखीला खांदा देऊन नाचवणं, केजवाल्याने सर्जनला विचारल्याशिवाय कधीच नाही.

दहावी पायरी: बिघडलं तर कसं ओळखायचं

जखमेतून पू, वाढता लालपणा, थंडी वाजून ताप: त्याच दिवशी. घरी प्रतिजैविकांचा कोर्स सुरू करून वाट बघू नका, नमुना घेण्याआधी औषध पोटात गेलं तर जंतू सापडत नाही. पट्टी स्वच्छ पाण्यासारख्या द्रवाने भिजते आणि उठून बसलं की डोकं दुखतं: नसांचं आवरण फाटून पाणी गळत असेल, आडवं होऊन फोन करा. एका पोटरीला सूज आणि दुखणं: रक्ताची गुठळी असू शकते. त्यात दम लागला किंवा छातीत दुखलं तर रुग्णवाहिका.

पाखाडीवर घसरलात, किंवा काही कारण नसताना पाठीत ‘कट्’ झालं आणि मधोमध बोट ठेवलं की कळ येते: टोक मोडलं असेल. साध्या एक्स-रेत ही चीर बऱ्याचदा दिसत नाही, सी.टी. लागतो. चार-सहा महिने छान गेले आणि पायांचा जुना त्रास हळूहळू परत आला: स्पेसर रुतला किंवा सरकला असेल, नाहीतर शेजारची पातळी अरुंद झाली असेल. जुनी वही काढून मिनिटं ताडून पाहा आणि ती घेऊनच जा. केजवाल्याची कंबर वर्ष उलटलं तरी हालचालीसरशी दुखत असेल तर हाड जुळलं का, हे सी.टी.वर बघून घ्या.

उपकरणातच दोष आहे असं वाटलं तर नोंदवायची सोय देशात आहे. २०१५ साली सुरू झालेला मटेरिओव्हिजिलन्स, म्हणजे वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणारा कार्यक्रम गाझियाबादच्या भारतीय भेषजसंहिता आयोगाकडून चालतो आणि रुग्णही त्यात तक्रार नोंदवू शकतो. स्टिकरवरचा लॉट क्रमांक तिथे लागतो.

पुढे कधीही एम.आर.आय. काढायची वेळ आली तर यंत्राच्या खोलीबाहेरच ते स्टिकर चिकटवलेलं डिस्चार्ज कार्ड दाखवा. टायटॅनियम आणि पीकचे बहुतेक स्पेसर ठरावीक अटींवर चालतात, पण अटी मॉडेलनुसार असतात आणि तंत्रज्ञाला त्या नावावरूनच शोधता येतात.